लांबीतली माया

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मिळाली जागा! मेल अकराला आला. मी तेव्हा ऑफिसात एका काकांना तिसऱ्यांदा सांगत होते की मोजणीचा अर्ज माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर द्यायचा. मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला, परत वाचला. कोइमतूरचा ट्रॅक. बाईक रेसिंगचं दोन दिवसांचं शिक्षण, १८ आणि १९ जानेवारी. फक्त बारा जण. बाईक त्यांची, अंगावरचं सगळं मात्र आपलं – हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, बूट. आदल्या दिवशी तपासणी. त्यातलं एक जरी नापास झालं तरी ट्रॅकवर पाय नाही.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. काकांचा अर्ज मीच उठून पलीकडे नेऊन दिला. काका घाबरलेच.

घरी गंधारला दाखवला मेल. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण हा माणूस खूश आहे की नाही ते कळायला मला अजून वेळ लागतो. बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, मस्त. त्यानं या वेळी अर्जच केला नाही म्हणे – 'या वर्षी तुझी पाळी.' दोन वर्षं मी ट्रॅकच्या कडेला उभी राहून ह्याचे फोटो काढतेय. टोपी, छत्री, पाण्याची बाटली आणि कॅमेरा. आता तू काढ म्हटलं!

९ नोव्हेंबर, शनिवार

बाईकवरून कोल्हापूर गाठलं, हेल्मेटसाठी. दुकानदार माझ्याशी बोलेचना. 'वहिनींना कुठला रंग?' – हे गंधारला विचारतोय! मी म्हटलं, रंग राहू दे, माप घ्या. भुवयांच्या वरून टेप फिरवली. छप्पन्न सेंटिमीटर. मग एकेक हेल्मेट डोक्यात घालून दुकानातच बसून राहिले, प्रत्येकी अर्धा तास. वाचूनच गेले होते. पाच मिनिटं कुठलंही हेल्मेट बरं वाटतं. पहिल्यानं कपाळावर लाल वळ उठला. दुसरं गालात सैल. मान वळवली की माझं तोंड आधी, हेल्मेट मागाहून. तिसरं बसलं. बोलायला गेलं की गाल दातांखाली येतो. असंच पाहिजे. पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचा – चटकन उघडणारा खटका तपासणीत चालत नाही.

आंबा घाटात चहाला थांबलो. नवं मांडीवर होतं म्हणून सहज जुनं उलटं करून पाहिलं. ह्याच्या मागे बसताना चार वर्षं घालतेय ते. गंधारनंच आणलेलं, बाईकला शोभेल असं निळं. आत बोट दाबलं तर थर्माकोल करंगळीएवढाही नाही. आयएसआयचा शिक्का नखानं खरवडला – निघाला की हातात! ह्याचं स्वतःचं हेल्मेट त्याच वर्षीचं. परदेशी. तीन महिने अभ्यास करून, चार जणांना विचारून घेतलेलं. विचारलं त्याला. म्हणाला, 'तू मागे बसणार होतीस ना.'

मागे बसणाऱ्याचं डोकं काय रबराचं असतं? घाट उतरेपर्यंत बोलले नाही त्याच्याशी. उतरल्यावर बोलले. माझा राग असाच, घाटापुरता.

१० नोव्हेंबर, रविवार

सूटची मापं झाली. बायकांच्या मापाचे तयार सूट मिळतच नाहीत, मिळतात ते लांबच्या लांब देशांतून. म्हणून बंगळूरकडच्या एका कारागिराकडून शिवून घ्यायचा. गंधारचाही त्याच्याकडचाच. त्याच्या फॉर्मवर सव्वीस मापं! माणसाचं चित्र आणि त्यावर बाण. मी दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजते, पण स्वतःच्या अंगाला स्वतः टेप लावता येत नाही. मग सासूबाईंनाच बोलावलं. पंचेचाळीस वर्षं शिवणकाम करताहेत. अर्ध्या रत्नागिरीतल्या बायकांची मापं त्यांच्या वहीत आहेत, कोण कधी जाड झाली त्याच्यासकट.

पहिलं माप घेतानाच अडल्या. माया किती धरायची? मी म्हटलं, अजिबात नाही. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, अंगाबरोबर. चामडं सैल राहिलं तर पडल्यावर आतले पॅड जागेवरून सरकतात. सासूबाईंना पटेना. शिवणीच्या आत दोन बोटं कापड न सोडता शिवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नाही. 'माया न धरता कसं शिवायचं गो? उद्या अंगानं भरलीस म्हणजे?' म्हटलं, भरणार नाही. 'तूच बघ हो,' म्हणाल्या, पण घेतली मापं, टेप अशी आवळून की दंडाला वळ. त्या बोलत होत्या आणि वहीत लिहीत होत्या, गंधार पाहून लॅपटॉपवर भरत होता. तोच पाठवतो म्हणाला, कारागीर ओळखीचा आहे.

मजा आली खरं तर. तिघं मिळून एखादं काम किती दिवसांनी केलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हातमोजे: मनगटाच्या पुढे चार बोटं तरी हवेत, करंगळी शेजारच्या बोटाला जोडलेली. पडल्यावर पहिली मोडते ती करंगळी. हे मला माहीतच नव्हतं. आता दिवसभर करंगळीकडे लक्ष जातंय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्णगडला मोजणी. दोन भावांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, आणि तो धाकट्याच्या बाजूला तीन फूट सरकलेला. थोरला शपथेवर सांगतो की बापाच्या वेळेपासून गडगा तिथंच. मशीन लावलं, खुणा काढल्या, तीन फूट ते तीन फूटच. धाकटा, भागोजी नाव, साठीचा असेल. भांडला नाही, आवाज चढवला नाही. मला म्हणाला, 'बाय, गडग्याचा काय नाय. त्यान माझ्याबरोबर जेवून रात्री गडगा सरकवलान, त्याचा वायट वाटता.'

मी कागदावर अंतर लिहिलं. त्याला वाईट वाटलं ते लिहायला कागदावर जागा नसते.

३० नोव्हेंबर, शनिवार

बूट आले! घोट्याच्या वर वीतभर. घरात घालून फिरले. फरशीवर असा टापांचा आवाज की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, घोडा कुणी आणला घरात.

११ डिसेंबर, बुधवार

कारागिराचा मेसेज. सूट शिवून झाला, शेवटचा हात फिरवतोय. झोप नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आला.

काय वास त्याचा! काळा, खांद्यावर पांढरा पट्टा, पाठीवर माझं नाव, ऋजुता. घालायला पाऊण तास गेला. घेर अगदी बरोबर, कंबर बरोबर, छाती बरोबर. आरशात पाहिलं तर मी नव्हतेच ती. गंधार म्हणाला, छान दिसतोय. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांचे डोळे माझ्या कोपरावर होते.

मग खाली पार्किंगमध्ये जाऊन ह्याच्या बाईकवर बसले. उभं राहून सूट कळत नाही, वाकून बसल्यावर कळतो. बसले. वाकले. कोपराचा पॅड कोपराला नाही. दोन-तीन बोटं खाली, हातावर. गुडघ्याचा पॅड नडगीवर. हातानं वर ओढला, सोडला की परत खाली. म्हणजे पडले तर कोपर आणि गुडघा डांबरावर, आणि पॅड भलतीकडेच! तपासणीत पहिल्या मिनिटाला बाहेर काढतील. काढायलाच पाहिजे. मीही काढलं असतं.

बाईकवर बसून रडले. पार्किंगमध्ये, चामड्याच्या सूटमध्ये, शेजारचे सायकल लावताहेत आणि मी रडतेय. गंधार पाठीवर हात फिरवत होता.

२३ डिसेंबर, सोमवार

कारागिराशी फोन. सौम्य माणूस. फॉर्मवर जी मापं आली त्याच मापांचा शिवलाय म्हणतो. चामडं कापून झालेलं, दुरुस्ती होत नाही, बाह्या आणि पाय नव्यानं करायला पाच आठवडे. माझ्याकडे चार नाहीत. फॉर्म मला मेल करा म्हटलं.

गंधार हसत म्हणाला, आईनं माया धरली असेल. सवयीनं. मला एकदम पटलं! पटलं आणि डोक्यात गेलं. स्वयंपाकघरात गेले आणि बोलले – इतकं सांगितलं होतं, माया नको म्हणून! तुम्हाला माझं जाणं नकोच होतं तर तसं सांगायचं! सासूबाई पोळी लाटत होत्या. लाटत राहिल्या. 'चुकलं असेल,' म्हणाल्या. एवढंच.

२५ डिसेंबर, बुधवार

कोइमतूरला फोन केला. भाड्याचे सूट आहेत, पण सगळे पुरुषांचे, सगळ्यात लहान म्हणजे माझ्यासारख्या दोघी मावतील असा.

गंधारनं शेजारच्या नम्रताला जिन्यात सगळी हकीकत सांगितली. सुनेच्या चिलखतात सासूची माया, असा विनोद करून. नम्रता हसली, मीही हसले. सासूबाई दाराशीच होत्या. दोन दिवस झाले, शिलाई मशीनवर चादर घातलेली आहे. एक बाई ब्लाउज टाकायला आली होती, तिला परत पाठवलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणाल्या. सुईत दोरा ओवतात त्या, माझ्याआधी.

मला वाईट वाटलं नाही. माझं दुःख मोठं होतं ना.

२८ डिसेंबर, शनिवार

अजून संपलं नाही! बारा जणांच्या ग्रुपवर मी रडगाणं लिहिलं होतं. कोल्हापूरच्या ज्ञानेश्वरीनं वाचलं. तीही येणार होती, पण मनगट मोडलंय म्हणून नाव काढून घेतलं, तिच्या जागी प्रतीक्षा यादीतला एक जण आला; ग्रुपवर ती नुसती आहे. तिचा सूट घरीच पडलाय. उंची माझ्याएवढीच. 'मापं पाठव, बसत असेल तर उद्या कुरिअर करते,' म्हणाली. मी तिला एकदाही भेटलेली नाही. सख्खी माणसं काय करतात आणि परकी काय करतात!

तिनं सूटची मापं पाठवली आहेत. आता माझी, खरी, मायेशिवायची घ्यायला हवीत.

१ जानेवारी २०२५, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. पुढे मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

गंधार त्याच्या पंपांच्या दुकानात गेल्यावर सासूबाईंकडे टेप घेऊन गेले. माफी मागायची होती, ती न मागता म्हटलं, परत एकदा मापं घेता का. म्हणाल्या, 'मी कशाला? माझी मापं चुकतात.' मी उभीच. त्या उठल्या, कपाटातून वही काढली, माझं पान उघडून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, वाच.

खांद्यापासून कोपर एकतीस. कंबरेपासून गुडघा त्रेपन्न.

कारागिरानं पाठवलेला फॉर्म मोबाइलमध्ये होता. तो मी उघडूनही पाहिला नव्हता! मी – जिला अर्ध्या फुटासाठी लोक शिव्या घालतात! उघडला. खांद्यापासून कोपर पस्तीस. कंबरेपासून गुडघा अठ्ठावन्न. मानेपासून कंबर तीन सेंटिमीटर जास्त. बाकीची तेवीस मापं वहीत आहेत तशीच. छाती, कंबर, दंड, मांडी, पोटरी – सगळे घेर तंतोतंत.

'पंचेचाळीस वर्षं हे करत्ये मी,' सासूबाई म्हणाल्या. 'माया घेरात धरतात. लांबीत माया कोण धरतं?'

तिन्ही आकडे परत वाचले. लांबी वाढवली की सूट आरशात चांगला दिसतो आणि बाईकवर बसलं की निकामी होतो. हे शिंप्याला माहीत नसतं. बूट-हातमोज्यांच्या दुकानदारालाही माहीत नसतं. ज्यानं तसला सूट घालून ट्रॅकवर दोन वर्षं काढलीत त्यालाच माहीत असतं.

कधी कळलं तुम्हाला, विचारलं. सूट आला त्याच दिवशी, म्हणाल्या, कोपर बघितलं तेव्हाच. मग गप्प का बसलात? त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, 'मुलगा आहे गो माझा. म्हटलं, चुकलं माझं म्हणावं, घर शांत राहील. म्हातारीचं चुकलं तर कुणाचं काय जातं? पण त्यानं नम्रताला सांगितलंन. जिन्यात उभं राहून. माझ्या हाताला नावं ठेवलीन.'

मग त्यांनी माझी मापं घेतली. परत सगळी, सव्वीसच्या सव्वीस. मी पाया पडले. असं कधी करत नाही मी, सणालाही टाळते. मापांवरून ज्ञानेश्वरीचा सूट बसतोय.

२ जानेवारी, गुरुवार

त्याला अजून विचारलेलं नाही. पाहतेय, स्वतःहून सांगतो का. सकाळी मला विचारलं, भाड्याच्या सूटचं काही जमलं का गं? आवाजात काळजी! चहा ओतता ओतता!

३ जानेवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

४ जानेवारी, शनिवार

वही आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले त्याच्यापुढे. जेवणाच्या टेबलावर, भरदिवसा. तीन आकड्यांना लाल पेन्सिलनं गोल केला होता, ऑफिसात करते तसा. त्यानं पाहिलं आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल? 'आईनं दाखवलं?'

मी केलं नाही असंही नाही, चुकून झालं असंही नाही. आईनं दाखवलं!

मग बोलला. दोन वर्षांपूर्वी तो तिसऱ्या वळणावर घसरला तेव्हा मी कॅमेऱ्यातून बघत होते. 'तुला माहीत नाही आत काय होतं. दोन सेकंद. आकाश, डांबर, आकाश. तू तशी पडताना मला बघवणार नाही.' मग नाही का म्हणाला नाहीस? तर म्हणे, म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? आणि म्हणून त्यानं असं ठरवलं की तपासणीत मला दुसऱ्यांनी नाही म्हणावं. कोइमतूरपर्यंत जाऊन, अकरा जणांसमोर, माझ्या पाठीवर माझं नाव असलेल्या सूटमध्ये.

ओरडले. खूप ओरडले. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. तो ऐकून घेत होता. त्याचं ऐकून घेणंही मला चढवत होतं. पडले असते तर माझं हाड मोडलं असतं, ते मी बसवून घेतलं असतं! हे कुणाकडून बसवून घेऊ? शेवटी म्हटलं, तुझ्या आईवर ढकललंस. तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला.

सासूबाईंच्या खोलीत राहतेय.

६ जानेवारी, सोमवार

ज्ञानेश्वरीचा सूट आला. गुडघा गुडघ्यावर, कोपर कोपरावर. वाकून बसले, हात लांब केला, पॅड हलला नाही. सासूबाईंनी चारी ठिकाणी बोटानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या डाव्या खांद्यावर टेप होती. सकाळी मशीनवरची चादर काढली त्यांनी.

गंधार दारातून पाहत होता. 'बसला?' विचारलं. मी दार लावून घेतलं.

७ जानेवारी, मंगळवार

संगमेश्वरला मोजणी. दिवसभर उन्हात. सहकारी म्हणाले, मॅडम आज आकडे दोनदोनदा का तपासताय. काय सांगू.

८ जानेवारी, बुधवार

जेवत नाही तो. दुकानातून येतो, बाल्कनीत बसतो. नऊ वर्षांत असा पाहिला नाही. आज मी कपडे काढायला गेले तर खाली मान घालूनच बोलला. मापं वाढवली त्या रात्री झोप लागली नाही म्हणाला. 'तीही मायाच होती गं. चुकीच्या जागी धरली.'

एरवी असल्या वाक्याला मी फिस्सकन हसले असते. आज नाही हसले. कपडे तसेच हातात घेऊन उभी राहिले. कपाळावरचा त्याचा व्रण दिसला, त्या तिसऱ्या वळणावरचा. तेव्हा हेल्मेट काढून तो आधी मला शोधत होता, मेडिकलवाल्यांना नाही. हेही खरंच आहे ना? तेही मी कॅमेऱ्यातूनच पाहिलंय.

एवढी भीती बाळगणारं माणूस घरात असणं म्हणजे काय कमी आहे का, असं मनात आलं. नंतर स्वतःचाच राग आला. मग परत तेच मनात आलं.

९ जानेवारी, गुरुवार

आज आम्ही नीट बोललो. तो म्हणाला, जा तू, खरंच जा, मी अडवणार नाही. फक्त तो दोन दिवस फोन बंद करून बसेल. आणि सहज म्हणाला, दहा तारखेपर्यंत नाव काढलं तर पुढच्या वेळी तुझी जागा धरून ठेवतात, तसा नियम आहे. पावसाळ्यानंतर जाऊ. दोघं जाऊ. तोपर्यंत मीच तुला शिकवतो, तेवढी माझीही भीती जाईल.

रात्री झोपायला परत आमच्या खोलीत आले. तो झोपेत माझा हात धरून होता.

१० जानेवारी, शुक्रवार

नाव काढलं.

दुपारी ऑफिसातून मेल टाकला. वैयक्तिक कारण. पाठवल्यावर पाच मिनिटं काहीच वाटलं नाही. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. ज्ञानेश्वरीला लिहिलं, तर तिचं उत्तर एकच: 'सूट नाही बसला का?' बसला गं. सूट बसला.

मी हरले म्हणून नाही काढलं. लिहून ठेवते. कुणी तरी पहिल्यांदा विश्वास ठेवायला हवा परत, नाहीतर आम्ही दोघं जन्मभर एकमेकांचे आकडे तपासत बसू. त्याच्या भीतीपेक्षा माझा ट्रॅक मोठा नाही. नऊ महिन्यांनी आहेच.

घरी सांगितलं. गंधारनं मला मिठीच मारली, त्याच्या आईसमोर! डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. सासूबाई डाळ निवडत होत्या. 'बरं,' म्हणाल्या, आणि परत निवडायला लागल्या.

११ जानेवारी, शनिवार

घर हलकं झालंय. त्यानं सकाळी स्वतः पोहे केले, मीठ जास्त. नम्रताकडे जाऊन सांगून आला, मापं आईची चुकली नव्हती, माझीच चूक होती. सासूबाईंनी ऐकलं. दुपारी नम्रताचा ब्लाउज कापायला घेतला.

बूट डब्यात घालून माळ्यावर ठेवले. हेल्मेट मात्र कपाटावर दिसेल असं ठेवलंय.

१२ जानेवारी, रविवार

गंधारला पुण्याला जायचंय. पंपांच्या कंपनीनं डीलरांना बोलावलंय म्हणे. गुरुवारी निघणार, सोमवारी परत. नेमकं त्याच शनिवार-रविवारी. बरंच झालं, मला एकटीलाच बसू दे ते दोन दिवस. त्याला पाहून कदाचित परत राग आला असता. बॅग मी भरते म्हटलं. नको म्हणाला. तरी शर्टांना इस्त्री करून दिली.

संक्रांतीच्या वड्या केल्या. सासूबाईंनी पाक केला, मी थापल्या.

१३ जानेवारी, सोमवार

ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नाही. आज संध्याकाळी त्यांनी शेवटची यादी टाकली. बारा नावं, पुढे शेरा आणि अर्जाची तारीख.

बारावं नाव – गंधार. प्रतीक्षा यादीत पहिला. अर्ज १ ऑक्टोबरचा. माझ्या नावाच्या जागी.

तो आंघोळीला गेलाय. जाताना विचारून गेलाय, पुण्याहून येताना तुला काय आणू.